शेवटचा पापुद्रा

चिरे संपले तेव्हा खाण आम्हाला मिळाली.
तळेबाजारच्या वरचा सडा, कापून कापून चौकोनी झालेला,
त्यात ट्रॅक्टर फिरवून काढलेली एक लांबट गोल वाट,
चारशे पावलांची, तांबडी.
इथली माती म्हणजे चिऱ्याचं पीठ.
पाणी मारलं तर साबण, वाळली तर धूर.

गाडी म्हणजे जुनी आठशे,
दारं कापलेली, आत पाइपांचा पिंजरा,
वर पत्र्याचा पंख, कणकवलीहून
गोठ्याच्या पत्र्यातून कापून आणलेला.
पंखामुळे मागची चाकं जमीन धरतात
आणि पंखाच्या फळीआड उजवीकडचं अर्धं जग जातं.
हे मला माहीत होतं. पंख मीच लावला होता.

वळण शिकायला दोन हंगाम गेले.
डावीकडे जायचं तर चाकं उजवीकडे धरायची,
मागचा भाग सुटू द्यायचा, अजून सुटू द्यायचा,
आणि हाताने नव्हे, पायाने त्याला परत बोलवायचं.
घाबरून पाय उचललास तर गाडी भोवंडते,
असं मुबीन सोलकर सांगायचा.
गिर्येचा मुबीन, होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा,
गाडी नंबर चार.
पाय कधी उचलायचाच, हेही तो सांगायचा,
पण तेव्हा मी टायरची हवा बघत असायचो.

हेल्मेटच्या काचेवर पाच पापुद्रे असतात.
चिखल बसला की एक ओढून टाकायचा,
कांद्याचं साल काढावं तसा.
ओढायला एक हात सुटतो.
वळणात एक हात सुटणं म्हणजे
अर्धी गाडी मागे पडणं.

तिसरी हीट. टँकर आला नव्हता.
सूर्य समुद्रावर उतरलेला, नेमका पश्चिमेच्या वळणात,
अशा वेळी धूळच पेटते.
चार पापुद्रे गेले होते.
पाचवा मी शेवटच्या फेरीसाठी राखून ठेवला होता,
झेंडा पडताना नीट दिसावं म्हणून.

समोर तांबडं.
मी एक, दोन, तीन असं मोजलं.
मोजायला वेळ मिळाला,
म्हणजे पाय उचलायलाही मिळाला असता.

चारला नंबर चार. आडवी, बंद पडलेली.

समितीपुढे म्हटलं, माका कायच दिसला नाय.
खरं होतं. तिघांनी माना हलवल्या.
धूळ, म्हणाले. टँकर, म्हणाले.
पिवळा झेंडा उशिरा हलला, म्हणाले,
आणि झेंडा धरणारी सानिका घाडी, बारावीतली पोर,
आपल्या चपलांकडे बघत राहिली.
मी तिच्याकडे बघितलं नाही.

बाप तांडेल होता.
खाडीच्या तोंडाशी धुकं आलं की इंजिन पाडून
मला नाळेवर उभा करायचा.
काय दिसता?
काय नाय.
मगे तसा सांग. मोठ्यान.

दिसत नाही, एवढं मला स्पष्ट दिसत होतं.

चाळीस दिवसांनी गिर्येला गेलो.
मुबीनच्या मांडीत सळी, पाय स्टुलावर,
पुढ्यात उघडलेला कार्ब्युरेटर.
चहा झाला. बांगड्याचा भाव झाला.
मग त्याने मान वर न करता विचारलं,
पापुद्रे किती उरलले?

हेल्मेट मी बरोबर नेलं होतं, का ते ठाऊक नाही.
पुढे केलं.
त्याने नखाने टोक उचललं, सावकाश ओढला,
उजेडाकडे धरून पलीकडे पाहिलं
आणि कार्ब्युरेटरखाली अंथरला,
तेल लादीवर गळू नये म्हणून.
हो पानो धर, म्हणाला.

परतताना घाड्यांच्या वाडीचं वळण लागतं,
डावीकडे, उताराचं, बांध आड येणारं.
तिथे मी पाय उचलला.
गाडी भोवंडली नाही.